उलंगवाडीनंतरचं इंधन

शेतातून धान्य, कापूस, ऊस निघून गेल्यावर मागे जे राहतं, त्याला मराठीत एकच एक नाव नाही. ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा, तोच पूर्व विदर्भात तणस, सोयाबीन-हरभऱ्याचं कुटार, तुरीच्या तुराट्या, कपाशीची पऱ्हाटी, उसाचं पाचट, उसाच्या शेंड्यांचं वाढं, भाताचं तूस, गव्हाचा भुसा आणि जमिनीत रुतून राहिलेली धसकटं. नावं वेगळी आहेत, कारण प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे. कडबा गंजीला लागतो, कुटार जनावराला जातं, तुराट्यांचे कूड आणि खराटे होतात, पऱ्हाटी चुलीत जाते, वाढं ऊसतोड मजुरांच्या बैलांना मिळतं आणि उरलेलं ते विकतात. सरकारी कागदांवर मात्र या सगळ्यांचं मिळून ‘पीक अवशेष’ होतं, भाषणांत ‘कृषी कचरा’. पिकांच्या अवशेषांपासून इंधन करण्याच्या प्रश्नात गोंधळ सुरू होतो तो इथूनच. आधी सगळ्याला कचरा म्हणायचं, मग तो फुकट आहे असं धरायचं, आणि मग कारखाना उभारायचा.

देशात असे अवशेष किती होतात, याचे दोन आकडे फिरत असतात. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या जुन्या अंदाजात वर्षाला सुमारे ५० कोटी टन आणि त्यातले १४ कोटी टन ‘शिल्लक’ होते. पुढच्या अभ्यासात हेच आकडे सुमारे ७५ कोटी आणि २३ कोटी टन झाले. एकूण आकडा पिकाच्या उत्पादनावरून काढता येतो. ‘शिल्लक’ किती हे मात्र ठरवावं लागतं. जनावरांना किती, चुलीला किती, मातीला किती, हे वजा केल्यावर ती निघते, आणि या वजाबाकीत मातीचा वाटा नेहमीच कमी धरला जातो. या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे की तंत्रज्ञान कोणतं निवडायचं हे अवशेषाने ठरवावं आणि अवशेष किती काढायचा हे मातीने.

आधी या इंधनाची गरज का भासते ते पाहू. २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य २०३० साठी ठेवलं होतं. २०२२ मध्ये ते अलीकडे ओढून २०२५-२६ केलं, आणि २०२५ मध्ये देश तिथे पोचलाही. पण हे इथेनॉल आलं ऊस, तांदूळ आणि मक्यापासून. मक्याचा वाटा आता सर्वांत मोठा आहे. म्हणजे खाद्य आणि पशुखाद्य टाकीत जातं. उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगाच्याच २०२१च्या अहवालात लिहिलं आहे. सोलापूर-मराठवाड्यातल्या वाचकाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने अचानक बंधन घातलं, तेव्हा कर्ज काढून आसवन्या बांधलेल्या आपल्या कारखान्यांना कळलं की अन्नावर उभं असलेलं इंधन पावसावर आणि साखरेच्या भावावर हलतं. अवशेषांपासूनचं, म्हणजे ‘दुसऱ्या पिढीचं’ इथेनॉल या कोंडीतून बाहेर काढेल अशी आशा म्हणूनच धरली गेली. आशा चुकीची नव्हती, पण वाट वाटली त्यापेक्षा अवघड निघाली.

अवघड का, ते काडी हातात घेतली की कळतं. उसाच्या रसात साखर मोकळी असते, यीस्ट टाकलं की आंबते. मक्यात ती स्टार्चच्या रूपात असते, ती सोडवणंही सोपं आहे. काडीत साखर आहेच, पण सेल्युलोजच्या घट्ट धाग्यांत बांधलेली. त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोजचं जाळं, आणि या सगळ्याला लिग्निनचं लिंपण. कुडाच्या भिंतीत तुराट्या, बांधणी आणि शेणमातीचा लेप जसा एकमेकांना धरून असतो, तशी ही रचना. झाड उभं राहावं आणि सहज कुजू नये म्हणून निसर्गाने ती केली आहे. ती उघडायला आधी आम्ल आणि वाफेचा मारा करावा लागतो, मग विकरांनी सेल्युलोज तोडून साखर मोकळी करायची, मग आंबवायचं. हेमिसेल्युलोजमधून पाच कर्बांच्या साखरा निघतात आणि साधं यीस्ट त्यांना हात लावत नाही, त्यासाठी वेगळे जंतू घडवावे लागतात. भाताच्या पेंढ्यात वर सिलिका असते, ती यंत्रांना कानशीसारखी घासते.

सेल्युलोज तोडणारी विकरं कुठून आली, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाने जाणून घ्यावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे झपाट्याने कुजत होते. त्यामागचं कारण शोधताना सॉलोमन बेटांवरच्या कुजलेल्या कापडावरून एक बुरशी वेगळी केली गेली. सुताचं सेल्युलोज ती विलक्षण वेगाने खात होती. या बुरशीवर आयुष्य घालवणाऱ्या एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला पुढे ‘ट्रायकोडर्मा रीसेई’ नाव मिळालं. काडीपासून इथेनॉल करताना वापरल्या जाणाऱ्या विकरांचा मोठा भाग आजही याच बुरशीच्या सुधारलेल्या वाणांतून येतो. आपला शेतकरी मर रोगासाठी बियाण्याला जी ट्रायकोडर्मा पावडर चोळतो, ती याच कुळातली. म्हणजे शत्रू म्हणून सापडलेला जंतू कामाला लावला गेला. पण प्रयोगशाळेत जमलेली ही गोष्ट कारखान्यात नेताना जगभर मोठमोठ्या कंपन्या अडखळल्या.

अमेरिकेच्या २००७च्या कायद्याने २०२२ पर्यंत वर्षाला १६ अब्ज गॅलन सेल्युलोजिक इंधन वापरण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. त्या भरवशावर तीन मोठे कारखाने उभे राहिले. कॅन्ससमधल्या ह्यूगोटनचा अबेंगोआचा कारखाना २०१४ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी थांबला. आयोवातल्या एमेट्सबर्गचा पोएट-डीएसएमचा प्रकल्पही २०१४चा. काडी उघडण्याच्या पहिल्याच टप्प्यावर तो वर्षानुवर्षं अडला आणि २०१९ मध्ये इथेनॉल बनवणं थांबलं. आयोवातल्याच नेवाडा नावाच्या गावी ड्यूपॉंटने २०१५ मध्ये वर्षाला ३ कोटी गॅलन क्षमतेचा कारखाना उघडला आणि २०१७ मध्ये बंद केला. इटलीतल्या क्रेशेंतिनोचा कारखाना २०१३ मध्ये सुरू होऊन २०१७ मध्ये बंद पडला, मग नव्या मालकाने तो पुन्हा चालू केला. रुमेनियातल्या पोदारी इथला क्लॅरियंटचा गव्हाच्या काडावरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०२३च्या डिसेंबरात झाला. ब्राझीलमध्ये रायझेनने २०१४ पासून हे काम धरून ठेवलं, कारण त्यांचा कच्चा माल म्हणजे बगॅस, उसाचा चोथा, साखर कारखान्याच्या आवारातच पडलेला असतो. बाकीच्यांची रसायनं फसली असं म्हणता येणार नाही. त्यांना गाठींबरोबर आलेली माती आणि दगड, गंजींना लागणाऱ्या आगी, ओलावा, वाहतूक आणि भांडवलाचं व्याज यांनी थकवलं. अमेरिकेत ‘सेल्युलोजिक’ म्हणून जे इंधन प्रत्यक्ष मोजलं गेलं, त्यातला बहुतेक भाग कचराभूमीतून निघणाऱ्या वायूचा होता.

आपल्याकडे याचा सर्वांत मोठा प्रयोग पानिपतला झाला. इंडियन ऑइलचा हा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. खर्च ९०० कोटींच्या वर, आणि वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल ही त्याची क्षमता. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. प्राजने आधी दौंड तालुक्यात प्रात्यक्षिक प्रकल्प उभारून ते तपासलं होतं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेनेही आपली स्वतंत्र पद्धत विकसित करून उत्तराखंडातल्या काशीपूरला दिवसाला १० टन काडी वापरणारा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू केला. या क्षेत्रात मराठी मातीतल्या संस्थांनी खरोखर मूलभूत काम केलं आहे आणि त्याचा अभिमान वाटतो.

तरी पानिपतचा हिशेब मांडून पाहावा. एका टनाला दीडशे लिटर. वर्षाला एक लिटर काढण्याच्या क्षमतेमागे सुमारे ३०० रुपयांचं भांडवल. मळीवरच्या आसवनीला याच्या कितीतरी कमी लागतं. आणि एकरी अडीच टन पेंढा धरला तरी २ लाख टनांसाठी ८० हजार एकरांवरून तो उचलायचा, तोही भात कापणी आणि गहू पेरणी यांच्यामधल्या तीन-चार आठवड्यांत. मग वर्षभर तो पावसापासून आणि आगीपासून जपायचा. पंजाब-हरियाणात शेतकरी पेंढा पेटवतो तो याच तीन-चार आठवड्यांच्या घाईमुळे. अशा प्रकल्पांना भांडवली आधार देण्यासाठी २०१९ मध्ये १,९६९.५० कोटी रुपयांची ‘जी-वन’ योजना आली, २०२४ मध्ये तिची मुदत २०२८-२९ पर्यंत वाढवली. आसाममधल्या नुमालीगडजवळचा बांबूवरचा कारखाना २०२५च्या सप्टेंबरात सुरू झाला. इथेनॉलची ही वाट बंद करावी असं मी म्हणणार नाही. पण गावाजवळचं, शेतकऱ्याच्या हातातलं इंधन ते नव्हे. तो मोठ्या तेल कंपन्यांचा, मोठ्या भांडवलाचा उद्योग आहे.

मला वायूची वाट अधिक भरवशाची वाटते, आणि त्याचं कारण ड्यूपॉंटच्या त्याच नेवाडा गावात सापडतं. बंद पडलेला तो कारखाना २०१८ मध्ये वर्बियो या जर्मन कंपनीने विकत घेतला आणि तिथे मक्याच्या काडापासून इथेनॉलऐवजी जैववायू काढायला सुरुवात केली. याच कंपनीने पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लहरागागा इथे ऑक्टोबर २०२२ मध्ये आशियातला सर्वांत मोठा म्हणून ओळखला गेलेला प्रकल्प सुरू केला. वर्षाला सुमारे १ लाख टन पेंढा आणि दिवसाला ३३ टन दाबयुक्त वायू, अशी त्याची आखणी. जैववायूत काडी पूर्ण फोडून साखर वेगळी करावी लागत नाही. जनावराच्या पोटात जे होतं तेच टाकीत होतं. जंतू संथपणे काडी पचवतात आणि मिथेन सोडतात. पेंढ्यात नत्र कमी आणि कर्ब फार जास्त, म्हणून सोबत शेण किंवा प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, द्यावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाकीतून वायू निघून गेल्यावर जी रबडी उरते, तिच्यात पिकाने जमिनीतून उचललेलं बहुतेक नत्र, स्फुरद, पालाश तसंच राहतं आणि न पचलेलं लिग्निनही. ही रबडी शेतात परत गेली तर मातीचं देणं बऱ्यापैकी फिटतं. काय पणाला लागलं आहे ते पेंढा जाळण्याच्या हिशेबातून दिसतं. एक टन भाताचा पेंढा जाळला की ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद, २५ किलो पालाश आणि १.२ किलो गंधक जातं, असा आकडा कृषिशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं देत आले आहेत. शिवाय सेंद्रिय कर्ब जातो तो वेगळा. इथेनॉलच्या कारखान्यात काडीचं लिग्निन बहुधा बॉयलरमध्येच जळतं. त्याचा चांगला अपवाद नागपूरजवळ आहे. नागपूर-मनसर रस्त्यावर डिसेंबर २०२४ मध्ये लिग्निन मिसळलेल्या डांबराचा एक किलोमीटरचा पट्टा झाला. आयात डांबराला तो पर्याय म्हणून उपयोगी आहे, पण त्याने माती भरत नाही.

वायूच्या वाटेवरही सरकारी घोषणा आणि जमीन यांच्यात अंतर राहिलंच. १ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सतत’ योजना आली तेव्हा २०२३-२४ पर्यंत ५,००० प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन वायू असं ठरलं होतं. मुदत संपली तेव्हा सुरू झालेले प्रकल्प शेकड्याच्या आसपास होते. सुरुवातीचा भाव किलोला ४६ रुपये होता. खताला गिऱ्हाईक नव्हतं. काडी गोळा करणारी यंत्रं नव्हती. पुढे एकेक गाठ सोडवायला घेतली गेली. २०२३ मध्ये या खताला टनाला दीड हजार रुपयांचं साहाय्य मिळालं, २०२४ मध्ये काडी गोळा करण्याच्या यंत्रांसाठी साडेपाचशे कोटींच्या वर तरतूद झाली, आणि शहरी वायू कंपन्यांना जैववायू मिसळणं बंधनकारक केलं गेलं : २०२५-२६ मध्ये एक टक्का, तिथून चढत २०२८-२९ मध्ये पाच टक्के. ही योग्य दिशा आहे. फक्त ती पाच वर्षं आधी, प्रकल्पांचे आकडे जाहीर करण्याच्या आधी, धरायला हवी होती.

आता महाराष्ट्राकडे येऊ. इथे पंजाबचा धडा जसाच्या तसा उचलला तर चूक होईल. आपल्याकडे तीन आठवड्यांची घाई नाही, पेंढ्याचे ढीगही नाहीत. आपला पेंढा, कडबा, कुटार बहुतांश जनावरं खातात, आणि दुष्काळी वर्षात चारा छावण्या लागतात तिथे चाऱ्याला कचरा म्हणणं पाप आहे. बगॅसवर आपल्या साखर कारखान्यांची दोन हजार मेगावॅटच्या वर सहवीजनिर्मिती उभी आहे, म्हणजे तोही शिल्लक नाही. तूस भातगिरण्यांच्या बॉयलरमध्ये जातं. खरा विचार करण्यासारख्या गोष्टी उरतात तीन : पाचट, प्रेसमड आणि पऱ्हाटी. तिघांचं उत्तर वेगळं आहे.

पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघतं, त्यामुळे प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्यांना त्याचा मोह पडतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या वाळल्या पानांवर चालणारं गॅसिफायर केलं. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवल्या आणि त्या कामाला २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. दोन्ही कामं आदराने आठवावीत अशी, कारण त्यांनी पाचट पेटवून देण्याच्या सवयीला पर्याय शोधला. पण माझं मत असं की आज पाचटाची पहिली जागा खोडव्याच्या सरीत आहे. ते पसरलं, कुट्टी केली, वर जिवाणू सोडले की ओल टिकते, तण दबतं, खुरपणी वाचते आणि वर्षभरात कर्ब मातीत जातो. राज्यातल्या कितीतरी जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला असताना पाचट ट्रकमध्ये भरून नेणाऱ्या कोणत्याही योजनेला आपण सहज होकार देऊ नये. जाळणं वाईटच, पण उचलून नेणंही जमिनीला तितकंच महाग पडू शकतं.

प्रेसमडचं काम सोपं आहे. उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के ती निघते, कारखान्यातच जमा होते, वाहतूक नाही, गोळा करणं नाही. सुमारे २५ टन प्रेसमडमधून एक टन वायू मिळतो. आपल्या राज्यात जैववायूची जी घडी बसते आहे, ती याच मालावर. ऊस उत्पादक ही प्रेसमड खत म्हणून घेत आले आहेत, म्हणून वायू काढल्यानंतरचं खत त्याच सभासदांकडे परत गेलं पाहिजे.

आणि पऱ्हाटी. इथे महाराष्ट्राला खरी संधी आहे. राज्यात साधारण ४० लाख हेक्टरवर कपाशी असते आणि हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी उभी राहते. म्हणजे वर्षाला ८० लाख ते १ कोटी २० लाख टन. जनावरं ती खात नाहीत. मातीत लवकर कुजत नाही. शेतात ठेवणं तर धोक्याचं, कारण २०१७ मध्ये विदर्भाला हादरवून गेलेली गुलाबी बोंडअळी त्याच काड्यांवरच्या बोंडांत आणि धुऱ्यावर रचलेल्या ढिगांत पुढच्या हंगामाची वाट पाहत बसते. फरदड घेऊ नका, म्हणजे कपाशीचं पीक लांबवू नका, वेळेवर उलंगवाडी करा, म्हणजे शेवटची वेचणी करून हंगाम संपवा, पऱ्हाटी उपटून शेताबाहेर काढा, असं कृषी विद्यापीठं दरवर्षी सांगतात. काढून टाकली तर शेताचा फायदाच व्हावा, असा हा मला माहीत असलेला एकमेव मोठा अवशेष आहे. शिवाय डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत काढायला सवड मिळते आणि ती उभ्यानेच वाळते.

पण तिच्यात लिग्निन जास्त, ती लाकडासारखी टणक. म्हणून इथेनॉलला ती अवघड आणि जैववायूला नकोशी. तिची योग्य वाट जळणाची आहे : तुकडे करून पेलेट किंवा कांडी. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे ‘सिरकॉट’ने, पऱ्हाटीच्या कांड्या, पेलेट आणि पार्टिकल बोर्डावर अनेक वर्षं काम केलं आहे. गिऱ्हाईकही दारात आहे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात जैव पेलेट मिसळण्याचं बंधन २०२३ मध्ये ठरलं तेव्हा ते २०२४-२५ साठी पाच टक्के आणि २०२५-२६ पासून सात टक्के होतं. अकोला जिल्ह्यातलं पारस आणि जळगाव जिल्ह्यातलं भुसावळ ही वीज केंद्रं कापूसपट्ट्याच्या मध्यावर उभी आहेत. तालुक्याला दोन-तीन लहान पेलेट गिरण्या, जिनिंगच्या रिकाम्या आवारात, शेतकरी कंपन्यांच्या मालकीच्या, हे चित्र मला पानिपतपेक्षा अधिक शक्य वाटतं. पेलेट जाळून उरणारी राख कोळशाच्या राखेत मिसळते, तेवढं पालाश जातं. ते नुकसान लहान आहे आणि बोंडअळीचं मोठं.

एक गोष्ट मात्र कोणत्याही प्रकल्प अहवालात सापडत नाही. वेचणी संपल्यावर पऱ्हाटीचे भारे डोक्यावर नेणाऱ्या भूमिहीन बायकांच्या वर्षभराच्या चुलीचं जळण तेच आहे. गॅसचं सिलिंडर घरात असलं तरी भरून आणायला पैसा लागतो. पऱ्हाटीला भाव आला की पहिलं सरपण त्यांचं जाईल. म्हणून उपटणी आणि गोळा करण्याचं काम त्याच बायकांच्या गटांना मिळालं पाहिजे, टनावर मजुरी ठरली पाहिजे, आणि प्रत्येक शेतातला काही वाटा गावात राहिला पाहिजे.

आणि ज्यांच्या शेतावर उद्या कुणी करारनामा घेऊन येईल, त्यांना विनंती. सही करण्याआधी कागदावर लिहून घ्या की वजन किती ओलाव्यावर धरणार, एकरी किती काडी शेतात राहू देणार, आणि वायूचा प्रकल्प असेल तर टनामागे किती खत, कोणत्या महिन्यात, तुमच्या बांधावर परत येणार. हे लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याला पाचट देऊ नका.